त्रेपन्न फूट चार इंच

वांडा ड्रोबनीला राग आला की ती शिट्टी वाजवायची. सूर नाही, ताल नाही, नुसती दातांतून हवा. ब्रायर मिल हायस्कूलची मैदानं तिनं सत्तावीस वर्षं राखली आणि त्यातली बावीस मी पाहिली. मी तिथे भूमिती शिकवतो. ती शिट्टी कानावर आली की मी वर्गाची खिडकी लावून घ्यायचो, कारण त्यामागून जे शब्द येत ते नववीच्या पोरांनी ऐकण्यासारखे नसत. पोरं मात्र तेवढ्यासाठीच कान टवकारून बसलेली असत.

उंची जेमतेम पाच फूट, वय एकसष्ट, डोक्यावर कुठल्याशा बियाणं कंपनीची टोपी आणि दोन्ही बुटांवर पांढऱ्या रंगाचे थर. इतके थर, की ते बूट मुळात कुठल्या रंगाचे होते यावरून शिक्षकांच्या खोलीत वाद होत. दुपारी ती अवजारांच्या शेडमध्ये रंगाचा डबा उपडा घालून त्यावर बसायची आणि काळ्या पावात कांदा आणि सॉसेज घालून खायची. कुणी वाकून नमस्कार करावा असं तिच्यात काही नव्हतं. तिला ते चाललंही नसतं.

आमच्या गावात सगळं फुटबॉलभोवती फिरतं. हा फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू छातीशी धरून एकमेकांच्या अंगावर जायचा खेळ. पायानं खेळतात त्याला आम्ही सॉकर म्हणतो, आणि तो मुली खेळत असल्या तर त्याला काहीच म्हणत नाही, कारण बघायलाच कुणी गेलेलं नसतं. शाळेच्या सगळ्या संघांचं नाव हॉर्नेट्स, म्हणजे गांधीलमाश्या. नाव मोठं झोंबरं आहे. आमच्या फुटबॉल संघाचा डंख गेल्या सहा-सात वर्षांत कुणाला लागल्याचं ऐकिवात नाही, पण शुक्रवारी संध्याकाळी तीन हजार माणसं येऊन बसतात ती बसतातच.

गवत, पाणी, खड्डे ही वांडाची रोजची कामं. पण तिची खरी विद्या म्हणजे रेघा. दर गुरुवारी ती फुटबॉलचं मैदान आखायची. मोजायची फीतबीत तिला लागत नसे. तिच्याकडे एक दोरी होती, तिनं स्वतः मापून केलेली, ताणली तरी न वाढणारी, आणि तिच्यात दोन ठिकाणी तांबड्या चिंध्या घट्ट बांधलेल्या. दोरी या कडेपासून त्या कडेपर्यंत टाकायची आणि चिंध्या येतील तिथे रंगाची खूण करायची. मैदान एकशे साठ फूट रुंद, त्याचे तीन सारखे भाग, एकेक भाग त्रेपन्न फूट चार इंच. चेंडू फार कडेला गेला की पुढचा डाव या खुणांवरून सुरू होतो, आणि शाळेच्या खेळात खुणा बरोबर तिसऱ्या हिश्शावरच लागतात. कॉलेजच्या खेळात त्या आणखी आत, मधोमध सरकलेल्या असतात. मी एकदा वर्गात हे उदाहरण घातलं आणि मोठ्या कौतुकानं वांडाला सांगायला गेलो.

"मास्तर," ती म्हणाली, "तुझ्या पोरांना सांग, हे गणित आधी दोरीत होतं. फळ्यावर नंतर गेलं."

ती याच शाळेत शिकली होती. एकोणीसशे सत्तर साली ती पळायला कुठल्याही मुलाच्या बरोबरीची होती, पण मुलींचा संघच नव्हता. त्या वेळच्या कोचला तिची दया आली म्हणे, म्हणून त्यानं तिला लांब उडीच्या वाळूवर दाताळं फिरवायचं काम दिलं. मुलानं उडी मारली, माप घेतलं, की हिनं वाळू सारखी करायची. दोन वर्षं ती दुसऱ्यांचे ठसे पुसत होती. मुलींनाही खेळू द्या असा कायदा झाला तोवर ती शाळेतून बाहेर पडून बिस्किटांच्या कारखान्यात लागली होती.

"कधी स्वतः उडी मारली नाहीस?" मी एकदा विचारलं होतं.

"एकदा. सगळे गेल्यावर."

"किती गेली?"

"मोजणार कोण? मीच मारली, मीच पुसली."

मुलींचं सॉकरचं मैदान बस उभ्या करायच्या शेडमागे आहे. सगळे त्याला 'कुरण' म्हणतात. उतरतं, दगडगोट्यांचं, आणि लांबच्या गोलपाशी पावसाच्या पाण्यानं खणून काढलेला एक चर, मोठ्या माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत जाईल असा. वांडा त्याच्याभोवती नारिंगी फीत लावून ठेवायची. सामन्याच्या दिवशी ती फीत कुणीतरी काढून टाकायचं, दिसायला वाईट दिसतं म्हणून. गेल्या वर्षीच्या पानगळीत अकरावीतली इमानी टॅगर्ट, मुलींची कप्तान, चेंडूमागे धावता धावता त्या चरात गेली. घोट्याचं हाड मोडल्याचा आवाज मी कुंपणापाशी ऐकला. वांडानं अंगातलं जाकीट काढून तिच्या डोक्याखाली दिलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत चिखलात बसून राहिली.

"मिस डी," पोरगी म्हणाली, "माझं हे वर्ष गेलं ना?"

"गेलं." वांडाला खोटं बोलायची सवय नव्हती. "पण पुढच्या वर्षी हा खड्डा इथे नसेल. माझा शब्द."

त्या शब्दापायी तिनं हिवाळाभर अर्ज केले. उन्हाळ्यात आठ ट्रक माती मंजूर झाली, ऑगस्टच्या शेवटी आली आणि बसच्या शेडजवळ पडली. वांडा भाचीच्या लग्नाला तीन दिवस बाहेरगावी गेली. परत येऊन बघते तर माती नाही. शाळेच्या दारात एक नवीन दगडी पाटी उभी, पाटीवर पितळेची भलीमोठी गांधीलमाशी आणि पाटीखाली आठ ट्रकांची गोंडस टेकडी, तिच्यावर पिवळी शेवंती.

हे काम ब्रेंट हॅलोरनचं. तो आमच्या क्रीडा विभागाचा प्रमुख, याच शाळेचा जुना विद्यार्थी, माझ्याच हाताखालून गेलेला. वांडा त्याला शिक्षकांच्या खोलीतच गाठायला आली. आम्ही सात-आठजण कॉफी घेत होतो.

"वांडा, पाटी होमकमिंगच्या आत हवी होती," तो म्हणाला. होमकमिंग म्हणजे ऑक्टोबरातला तो आठवडा, जेव्हा जुने विद्यार्थी झाडून सगळे सामन्याला येतात. "लोक पहिल्यांदा दार बघतात. तुमची माती तुम्हाला वसंतात मिळेल, नक्की."

"वसंतात इमानीचा शेवटचा हंगाम संपलेला असेल."

"कोण इमानी?"

वांडानं शिट्टी वाजवली. मी सवयीनं खिडकीकडे बघितलं.

"ब्रेंट," ती म्हणाली, "तू अकरावीत असताना चारशे मीटरच्या शेवटच्या वळणावर भडाभडा ओकलास. आठवतंय? पाणी कुणी ओतलं त्यावर?"

"आता त्याचं काय इथे—"

"मी ओतलं. आणि इतकी वर्षं कुणाला बोलले नाही. आज बोलतेय."

होमकमिंगच्या आठवड्यातल्या सोमवारी तिनं शेडच्या दारावर एक कागद चिकटवला. कागद तिचा नव्हता, शाळेचाच होता, मैदानांवरच्या कामांचा क्रम ठरवून देणारा: आधी इजा होईल असं काही असेल ते, मग सामन्यांची मैदानं, मग शोभेची कामं. खाली सही ब्रेंट हॅलोरन. कागद चिकटवून झाल्यावर ती ढकलगाडी घेऊन शाळेच्या दारात गेली, शेवंतीची रोपं मुळांसकट काढून फुटपाथच्या कडेला ओळीनं नीट मांडली, टेकडीत फावडं घातलं आणि गाडी भरली. मग सगळ्या शाळेला वळसा घालून, मुख्याध्यापकांच्या खिडकीवरून, माझ्या खिडकीवरून, जेवणघरावरून ती कुरणाकडे गेली. चरात माती ओतली आणि परत निघाली.

हॅलोरन धावत आला. "अहो, हे काय चाललंय? गुरुवारी मैदान आखायचंय!"

"पहिलं काम संपलं की दुसरं."

"शुक्रवारी सामना आहे!"

"शनिवारी पण आहे. सकाळी दहाला. तुला माहीत नसेल."

त्यानं तिला काढून टाकायची धमकी दिली. तिनं शेडच्या दाराकडे बोट केलं. आपल्याच सहीखाली तो माणूस असा अडकला, की कामगार संघटनेचा प्रतिनिधी तीन दिवस हसत होता. वांडा मात्र हसत नव्हती. एकसष्टाव्या वर्षी ओल्या मातीची गाडी चढावर ढकलणं ही थट्टा नाही. बुधवारी तिचे हात मी बघितले, तळव्यांची सालं निघालेली होती. मी म्हणालो, मी येतो मदतीला. ती म्हणाली, "तुझी नोकरी तुझ्यापाशी ठेव." मी ठेवली. हे मी अभिमानानं सांगत नाही.

त्याच दुपारी इमानी आपल्या संघाला घेऊन आली, प्रत्येकीच्या हातात घरून आणलेलं फावडं.

"मिस डी, आम्ही अठराजणी आहोत. दोन तासांत उडवतो."

"चालत्या व्हा."

"पण तुम्ही एकट्या—"

"मी तुझ्या वयाची असताना मला वाळू ओढायला लावली, आणि खेळली दुसरीच पोरं," वांडा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुम्ही फावडं धरायचं नाही. तुम्ही खेळायचं. जा, पळा, गोल मारायला शिका, गेल्या सामन्यात सोप्पा घालवलात!"

पोरी गेल्या. मी तिथेच कुंपणाशी उभा होतो आणि मला रडू येत होतं.

गुरुवारी संध्याकाळी फुटबॉलच्या मुलांचे बाप मैदान आखायला उतरले. पुढारी डग व्हीलॉक, गावातला गाड्या विकणारा, फुटबॉलच्या पालक मंडळाचा अध्यक्ष. भाड्यानं आणलेलं रंगाचं यंत्र, दहा-बारा जाडजूड गडी आणि प्रचंड उत्साह. शेड उघडीच होती. दोरी रोजच्यासारखी खिळ्याला टांगलेली होती. वांडानं ती लपवली नव्हती, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. व्हीलॉकनं ती उचलून बघितली. "ही काय म्हातारीची कपडे वाळत घालायची दोरी?" तो म्हणाला, आणि सगळे हसले. "अरे, चाळीस वर्षं दर शनिवारी टीव्हीवर मैदान बघतोय आपण. डोळे मिटून आखू."

आणि त्यांनी तसंच आखलं. शनिवारी टीव्हीवर दाखवतात ते कॉलेजचे सामने.

मी पेपर तपासून उशिरा निघालो, तेव्हा मला ते गाडीपाशी उभ्या उभ्याच दिसलं. सामन्यात अंतर मोजायची साखळी धरून मी बावीस वर्षं त्या कडेला उभा राहतोय. दोन्ही ओळी आत सरकलेल्या, सहा फूट आठ इंचांनी. बाप लोक एकमेकांची पाठ थोपटत होते. मी गाडीत बसलो, पट्टा लावला आणि घरी गेलो. बायको म्हणाली, एकटाच काय हसतोयस? मी म्हटलं, काही नाही.

शुक्रवारी साडेपाचला पंच आले. मुख्य पंच एक वाळकुडा म्हातारा होता. रुंदी पावलांनी मोजत निघाला, मध्येच थांबला, मागे वळला, पुन्हा मोजली.

"हे मैदान कुणाचं?" त्यानं हॅलोरनला विचारलं.

"आमचं."

"हे कॉलेजचं आहे, बाळा. मी शाळेच्या सामन्याला आलोय. शाळेचं दाखव, मग मी नाणं उडवतो."

पाहुण्या संघाचा कोच हाताची घडी घालून उभा होता. त्याला काही घाई नव्हती. सहा वाजत आले, बाकं भरत आली, बँडनं वाजवायला सुरुवात केली आणि हॅलोरन, व्हीलॉक आणि त्यांच्यामागे अख्खं पालक मंडळ कुरणाकडे निघालं. मीही निघालो. हे चुकवणं शक्यच नव्हतं.

वांडा गाडी रिकामी करत होती. तिनं वर बघितलं नाही.

"अहो बाई," व्हीलॉक म्हणाला, "तीन हजार लोक येऊन बसलेत!"

"बसू देत. बाकं मी पुसलीयेत."

"वांडा, प्लीज," हॅलोरन म्हणाला. "फक्त त्या खुणा. तुम्हाला अर्धा तास लागेल."

"लागेल की. अजून पन्नास-साठ गाड्या माती राहिलीये, ती पडली की आलेच."

"पन्नास गाड्या म्हणजे उद्या सकाळ होईल!"

"तेवढंच मलाही हवंय. उद्या सकाळी दहा."

बँडनं तेच गाणं पुन्हा सुरू केलं. व्हीलॉकनं चराकडे बघितलं, मग तिच्या हातांवरच्या पट्ट्यांकडे बघितलं. माणूस घमेंडी असला तरी मठ्ठ नव्हता.

"आणि ट्रकांतून आणली तर?" तो म्हणाला.

"मी नको म्हटलंय का? सहा आठवडे हेच सांगतेय."

मग जे झालं ते आमच्या गावात अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण हळू आवाजात सगळे बोलतात. गांधीलमाशीच्या पिवळ्या जर्सी घातलेले बाप शाळेच्या दारात टेकडीवर तुटून पडले. त्यांचे स्वतःचे सात ट्रक, हाताला लागेल ते फावडं, कुणी चक्क बर्फ ओढायचं फावडं आणलेलं. जुने विद्यार्थी सामन्याला येत होते ते वाटेत थांबून बघत होते. माती गेली तशी ती दगडी पाटी आपल्या सिमेंटच्या दोन काटकुळ्या पायांवर उघडी पडली. इकडे कुरणावर वांडा हुकूम सोडत होती. "थराथरानं टाका! तुडवा! व्हीलॉक, पाय उचल, नाचायला आलायस का?" आणि व्हीलॉक आपल्या चकचकीत बुटांनी माती तुडवत होता. मी इतका हसलो की मला कुंपण धरावं लागलं.

चर भरला. तिनं स्वतः त्यावरून चालून बघितलं, दोनदा उडी मारली, मग शेडमधून दोरी घेतली.

"मास्तर, टोक धर."

आम्ही पाच-पाच यार्डांवर दोरी टाकत मैदानभर गेलो, तीन हजार माणसांसमोर. चुकीच्या खुणांवर ती हिरवा रंग मारायची, चिंधीपाशी पांढरा. बाकांवरून कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी टाळ्या. तिचं लक्ष नव्हतं.

"काल संध्याकाळी तुझी गाडी इथे होती," ती वाकलेल्या वाकलेल्याच म्हणाली.

"होती."

"म्हणजे तुला दिसलं."

"दिसलं." मला वाटलं, आता ती हसेल. मी तर शाबासकीच्या तयारीत होतो.

"पुढच्या वेळी गप्प बसून मदत करू नकोस," ती म्हणाली. "तसली मदत मला जन्मभर मिळालीये."

मी दोरीचं टोक धरून पुढच्या रेघेवर गेलो. सामना चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला आणि आम्ही हरलो.

शनिवारी सकाळी नऊ वाजता हॅलोरननं तिच्या हातात पाकीट दिलं. तीस दिवस निलंबन, आणि त्या क्षणापासून शाळेच्या आवारात पाय टाकायचा नाही. मुलींचा सामना व्हायच्या एक तास आधी. त्याला एवढी घाई कसली होती ते तोच जाणे. वांडानं पाकीट टोपीत खोचलं, आपल्या ट्रकमधली घडीची खुर्ची काढली आणि कुंपणाबाहेर, नगरपालिकेच्या फुटपाथवर, अगदी त्या लांबच्या गोलासमोर मांडून बसली. मी शेजारी कट्ट्यावर बसलो. इमानी धावत आली, चर होता तिथे थांबली आणि पायानं माती दाबून बघितली. मग तिनं कुंपणाकडे बघून हात वर केला.

"इकडे काय बघतेस!" वांडा ओरडली. "चेंडूकडे बघ!"

इमानी त्या मातीवरून ऐंशी मिनिटांत कितीदा गेली ते मी मोजलं नाही. ती धडपडली एकदाही नाही. वांडा सगळा वेळ शिव्या देत होती, पंचाला, गोलरक्षक मुलीला, मला, आणि डोळे पुसत होती.

पुढच्या गुरुवारी शेवटचा तास संपता संपता हॅलोरन माझ्या वर्गात आला. अठ्ठावीस पोरं बसलेली होती. त्याच्या हातात वांडाची दोरी होती. ती त्यानं माझ्या टेबलावर ठेवली.

"सर, उद्या सामना आहे," तो म्हणाला. "तुम्ही तिच्याबरोबर टोक धरलं होतंत. जरा आखून द्याल का?"

मी उठलो आणि खिडकी उघडली. का उघडली ते मला तेव्हा नीट कळलं नाही.

"मला कॉलेजचंच माप येतं," मी म्हणालो.

कुणीतरी मागे फसकन हसलं. हॅलोरननं माझ्या पाठीमागच्या फळ्याकडे बघितलं. फळ्यावर मैदान काढलेलं होतं, तीन सारखे भाग पाडून, आणि प्रत्येक भागात माझ्याच अक्षरात हातभर मोठे आकडे.

"मग हे काय आहे, सर?"

"ते या पोरांसाठी आहे, ब्रेंट. तुला माप हवं असेल तर तिला फोन कर. आणि मैदान आखायला बोलव, माफी मागून बोलव."

तो लाल झाला. टेबलावरची दोरी उचलायला त्यानं हात पुढे केला, तेव्हा मी इतक्या मोठ्यानं बोललो की बाहेर मैदानावरसुद्धा ऐकू गेलं असेल.

"दोरी ठेव. ती तिची आहे."